शाफ्ट कापणे सोपे, समतोल साधणे कठीण

पाऊस ओसरला की गोव्यातील कित्येक अंगणांत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या जुन्या जीपगाड्या पुन्हा उजेडात येतात. एखादी लष्कराच्या लिलावातून आलेली असते, तर एखादी वडिलांच्या काळापासून जिवापाड सांभाळलेली. मग दुरुस्तीचे पर्व सुरू होते. थकलेले पेट्रोल इंजिन जाऊन तेथे डिझेल इंजिन बसते, तीन गिअरांच्या जुन्या गिअरबॉक्सच्या जागी अधिक लांबीचा नवा येतो, क्वचित चासीच आखूड केली जाते. आणि सारे जुळून आल्यावर ध्यानात येते की, गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत शक्ती वाहून नेणारा प्रोपेलर शाफ्ट आता चार बोटे लांब ठरत आहे. तेव्हा कुणीतरी सहज म्हणतो, "त्यात काय मोठेसे? नळीच तर आहे, कापू आणि वेल्डिंग मारू!"

या उद्गारातील आत्मविश्वासाची टवाळी करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. ज्या भूमीत मेस्तांच्या हातांनी होड्या बांधल्या, देवळांचे रथ उभे केले आणि परदेशी गाड्यांचे न मिळणारे सुटे भाग लेथवर घडवले, तेथे हस्तकौशल्याचा अवमान करणे करंटेपणाचे ठरेल. परंतु कौशल्य आणि धाडस यांत भेद आहे, आणि हा शाफ्ट तो भेद फार कठोरपणे दाखवून देतो.

प्रथम मापाचाच प्रश्न घ्या. गाडी जॅकवर लटकत असताना घेतलेले माप फसवे असते. ते गाडीचा भार चाकांवर असतानाच घेतले पाहिजे. खड्ड्यात पाटे दबले की एक्सल वर सरकतो आणि शाफ्टचा खाचांचा सरकता भाग आत जातो. शाफ्ट लांब राहिला तर हा भाग शेवटपर्यंत टेकून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घाव घालतो. फार आखूड झाला तर खाचा सुटण्याचे भय. दुसरी गोष्ट दोन टोकांच्या योकांची. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना पुढील दांडीचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो व दोनदा घटतो. दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत आणि दोन्ही जॉइंटांचे कोन सारखे असले, तरच एका टोकाची चूक दुसरे टोक भरून काढते. म्हणून जाणता कारागीर करवत लावण्यापूर्वी नळीवर टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ ओढून ठेवतो. ही रेघ विसरणाऱ्याची गाडी थरथरत राहते आणि बिचारा चाकांना दोष देत बसतो.

परंतु खरी परीक्षा समतोलाची. वेल्डिंग थंड होताना आकसते आणि नळीला आपल्या बाजूस ओढते. म्हणूनच आधी समोरासमोर चार टाके मारून डायल गेजने वाकडेपणा तपासायचा असतो. वरच्या थेट गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच वेगाने फिरतो; मिनिटाला 3000 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 50. मध्यापासून 4 सेंटीमीटरवर एका बाजूस अवघे 10 ग्रॅम वजन जास्त राहिले, तर या वेगाला ते सुमारे 4 किलो भाराइतक्या ओढीने शाफ्टला हिसके देते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. अंगणात चाके उचलून गाडी सावकाश फिरवून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. ते दिसते चोर्ला वा अनमोड घाटात, जेव्हा क्रॉस तुटतो. शाफ्टचे पुढचे टोक निखळून रस्त्यात रुतले, तर गाडी उचलून फेकली जाऊ शकते.

आणखी एक धोका कामाच्या वेळचाच आहे. जुन्या अनेक जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की तो ब्रेकही गेला आणि गिअरचा आधारही गेला. उतारावर चाकांना ओंडके न लावता गाडीखाली शिरणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणे होय.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई स्पष्ट शब्दांत उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफारासाठी मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर नोंदणीपत्रात लिहिलेले असते. तेव्हा चासी आखूड करणे हा हौसेचा विषय नव्हे, आणि निराळे इंजिन बसवण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाची पायरी चढलीच पाहिजे. मात्र शाफ्टची लांबी त्या पत्रात नसते. कागद निर्दोष आणि गाडी सदोष, असा प्रकार त्यामुळे सहज घडतो. केवळ कागद तपासणारी व्यवस्था येथे आंधळी ठरते.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. घरी काम करणाऱ्याने आपली मर्यादा ओळखावी. शाफ्ट सोडणे, माप घेणे, क्रॉस बदलणे ही कामे त्याने खुशाल करावीत; पण कापणे व जोडणे लेथवाल्या अनुभवी कारागिराकडे सोपवावे आणि यंत्रावर समतोल तपासल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये. मागच्या सीटवर आपलीच मुलेबाळे बसतात आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने आपल्या वेल्डिंगवर विश्वास ठेवण्याचा करार केलेला नसतो. दुसरे सांगणे सरकारला. दंडाची भीती घालणे सोपे आहे. योग्य मार्ग दाखवणे हे राज्यकर्त्यांचे खरे कर्तव्य. म्हापसा वा फर्मागुढीसारख्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत बाहेरच्या माणसाला माफक शुल्कात शाफ्ट तपासून समतोल करून घेता यावा. त्यात प्रशिक्षणार्थींना प्रत्यक्ष काम मिळेल आणि लोकांना भरवशाचा दाखला.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ही श्रद्धा सुंदर आहे. परंतु यंत्राची खरी पूजा त्याचे नियम जाणून घेण्यात आहे. चाकाखालचे लिंबू 10 ग्रॅमांचा हिशेब चुकता करणार नाही.