तेलाची गाळणी

चहाची गाळणी फाटली तर पहिल्याच कपात कळते. मोटारीच्या तेलाची गाळणी नादुरुस्त असली तर ते कळावयास कधी सहा महिने लागतात, कधी दोन वर्षे. आणि कळते तेव्हा तिच्या किमतीच्या शेकडो पट रक्कम इंजिनावर घालण्याची पाळी आलेली असते. ही वस्तू दुकानात पारखावी कशी, असे विचारणारी पत्रे आम्हांस पावसाळ्यापासून येत आहेत. इंदूरच्या एका भगिनींनी तर स्पष्टच लिहिले आहे, ‘आमच्याकडे दुकानदार देईल तो फिल्टर येतो. तुमचे मत काय?’ दुकानदार देईल तो घेऊ नये, असे आमचे मत आहे. त्याची कारणे या महिन्यात सांगावी म्हणतो.

वस्तू दिसावयास साधी. लहान तांब्याएवढा पत्र्याचा डबा, तोंडाशी मध्यभागी आटे पाडलेले एक मोठे भोक आणि त्याभोवती कडे केलेली लहान भोके. इंजिनाच्या तळाचे तेल पंप वर ढकलतो, ते कडेच्या भोकांतून डब्यात शिरते, आतल्या घडीदार कागदातून गाळले जाते आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे परतते. आमच्या खासबागेतील कानडी मेस्त्री या क्रियेला ‘सोसु’ म्हणतात. कानडीत सोसणे म्हणजे गाळणे, मराठीत सोसणे म्हणजे सहन करणे. या डब्याच्या नशिबी दोन्ही भाषांतले सोसणे आले आहे, हे भाषेच्या शिक्षकाच्या नजरेतून सुटणे कठीण.

मोटारीच्या आरंभकाळी ही गाळणी नव्हती. तेल वरचेवर बदलणे एवढाच उपाय होता. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी ती प्रचारात आणली आणि ‘प्युअर ऑईल लेटर’ या तीन शब्दांची मोड करून तिला ‘प्युरोलेटर’ नाव दिले. जुन्या जीपमध्ये तेलाचा थोडासाच भाग गाळणीतून जात असे. आजच्या मोटारींत बेअरिंगांकडे जाणारे सगळे तेल तिच्यातून जाते, आणि म्हणूनच ती तुंबली तर इंजिनच उपाशी राहील, ही भीती. त्यासाठी आत स्प्रिंगची एक झडप बसवतात. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबांत चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा फरक पडला, की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे सोडते. घाण तेल वाईट खरे, पण तेल नसणे त्याहून वाईट, असा तो हिशेब. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्याच अंगात असते, मग गाळणीत ती नसते. बाहेरून मात्र दोन्ही डबे जुळ्या भावांसारखे दिसतात.

दुसरी झडप रबराची. इंजिन बंद झाल्यावर डब्यातील तेल मागे ओघळून जाऊ नये, हे तिचे काम. गाळणी आडवी किंवा उलटी बसवलेली असेल तर हिची फार गरज. तोंड वर करून उभी असेल तर कमी. सकाळी गाडी सुरू करताना तेलाचा तांबडा दिवा पूर्वीपेक्षा अधिक रेंगाळू लागला आणि इंजिन क्षणभर खडखडले, तर अन्य दोष शोधण्याआधी या रबरावर संशय घ्यावा.

आता ‘बसला म्हणजे चालला’ या समजुतीविषयी. खासबाग-वडगाव भागात मागाचा धंदा करणारे एक कुटुंब आमच्या परिचयाचे आहे. त्यांची जुनी गाडी आठवडाभर साड्यांचे गठ्ठे वाहते आणि रविवारी घरच्या माणसांना. गेल्या हिवाळ्यात एका दुकानातून त्यांना स्वस्तातली गाळणी मिळाली. हाताने फिरवली, बसली, गळतीही दिसली नाही. मोटारींच्या गाळण्यांत दोन प्रकारचे आटे फार आढळतात : एक वीस मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर अंतराचा, दुसरा पाऊण इंचाचा, इंचाला सोळा आटे असलेला. पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटरला किंचित अधिक. त्यामुळे वीसाची गाळणी पाऊण इंची दांड्यावर चढते, थोडी घट्टही होते, पण आट्यांची पकड वरवरची राहते. थंडीत पहाटे तेल दाट असते आणि इंजिन सुरू होताच दाब एकदम चढतो. तवंदी घाटाच्या अलीकडे ती पकड सुटली. तेल रस्त्यावर गेले, तांबडा दिवा लागला, आणि चालवणाऱ्या मुलाने ‘पुढच्या हॉटेलापर्यंत जाऊ’ म्हणून तीन-चार किलोमीटर गाडी रेटली. इंजिन आवळले. मुलीच्या अभियांत्रिकीच्या शुल्कासाठी बाजूला ठेवलेले साठ हजार रुपये त्यात गेले, आणि ते शुल्क पुढे पतसंस्थेच्या कर्जातून भरावे लागले. तांबडा दिवा लागताच गाडी जागच्या जागी बंद करावयाची असते, हे घरातील प्रत्येक चालवणाऱ्याला, नव्याने शिकलेल्या सुनेला आणि मुलालाही, बजावून ठेवावे.

आमच्या धाकट्या बंधूंकडे शेवरोले टवेरा आहे. मातोश्रींना दर महिन्याला कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे नेणे आणि सर्व कुटुंबाला एकाच गाडीत बसवून लग्नाकार्याला जाणे यासाठी तिच्याइतकी सोयीची गाडी आम्हांस दिसत नाही. २००४ मध्ये ती बाजारात आली. बडोद्याच्या वाचकांना ठाऊक असलेला हालोलचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, त्याच वर्षाअखेर कंपनीने भारतात मोटारी विकणे थांबवले, आणि तळेगावचा निर्यातीचा कारखानाही २०२० च्या अखेरीस थांबला. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. अशा पोरक्या झालेल्या गाडीचे सुटे भाग शोधणे हा एक उद्योगच होऊन बसतो. बंधूंनी मागील महिन्यात तीन गाळण्या आणून आमच्या ओटीवर मांडल्या. एक मूळ कंपनीच्या खोक्यातली, दुसरी गाळण्याच बनवणाऱ्या एका नामांकित कारखान्याची, तिसरी बिननावाची. किमती दीडशेपासून सव्वाचारशेपर्यंत.

पहिली चाचणी क्रमांकाची. जुन्या गाळणीवरील क्रमांक उतरवून घ्यावा. चांगल्या कारखान्यांच्या सूचीत ‘अमुक कंपनीच्या अमुक क्रमांकाऐवजी आमचा तमुक’ असे कोष्टक असते, आणि गाडीचे नाव, सालासह इंजिनाचा प्रकारही दिलेला असतो. झडप कोठे आहे, ती किती दाबाला उघडते, हे सर्व पाहूनच हे क्रमांक जुळवलेले असतात. दुकानदार नुसता डबा डब्याशेजारी धरून ‘सेम आहे’ म्हणाला, तर ती तुलना नव्हे.

दुसरी चाचणी डोळ्यांची आणि बोटांची. बिननावाच्या गाळणीच्या आट्यांत पत्र्याचा कीस अडकलेला होता. धातूचा कीस पकडण्यासाठी आणलेल्या वस्तूनेच कीस आणावा, याला काय म्हणावे! तोंडाकडील रबरी कडे नखाने दाबले तर मऊ लागावे आणि खाचेत सारखे बसलेले असावे; हिचे एका बाजूला उचललेले होते. कडेच्या भोकांतून बोथट काडीने आतले रबर हलकेच लोटून पाहिले. नामांकित कारखान्याच्या गाळणीत ते लवून पुन्हा जागेवर आले, बिननावाच्या गाळणीत काडीला काही लागलेच नाही.

मग बंधूंनी ती बिननावाची गाळणी पत्रा कापून उघडली. (हे काम मेस्त्रीकडूनच करवावे, पत्र्याची धार वाईट.) आतील कागदाच्या घड्या विरळ, कोठे दोन बोटांचे अंतर तर कोठे एकमेकींना चिकटलेल्या, आणि कागदाची दोन टोके जेथे जोडतात तेथील डिंक एका ठिकाणी सुटलेला. आमच्या शेजारचे विणकर आजोबा ते पाहून म्हणाले, ‘एवढा तुटका धागा मी मागावर घेतला नसता.’ कापड वस्त्रगाळ चूर्णाला उपयोगी पडते ते त्याच्या विणीमुळे. येथेही तोच न्याय. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. चांगला कागद वीस-तीस मायक्रॉनचे बहुतेक कण अडवतो. हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धती आयएसओ ४५४८-१२ या क्रमांकाने ओळखली जाते, आणि कारखान्याच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख दिसला तर ती जमेची बाजू धरावी. सुटलेल्या सांध्यातून मात्र कसलाही कण जाईल, कागद कितीही उत्तम असो.

एक गैरसमज येथेच दूर करावा. डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते म्हणून गाळणीला दोष देऊ नये. ती काजळी एका मायक्रॉनहूनही बारीक असते, कागदातून आरपार जाते, आणि तिला तरंगत ठेवणे हे तेलातील द्रव्यांचे काम आहे.

बंधूंनी शेवटी मधली घेतली, आणि आमचाही कौल तिलाच होता. मूळ कंपनीच्या खोक्यातली वाईट नव्हती. पण जी कंपनी देशात मोटारी विकत नाही तिच्या नावाचे खोके कोणी छापले, हे ओळखणे कठीण. २०११ च्या वेष्टननियमांप्रमाणे खोक्यावर निर्मात्याचे अथवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा पत्ता असावा लागतो. त्या खोक्यावर महिना नव्हता. खोट्या व्यापारचिन्हाला १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे, तरी त्या भीतीने बाजार स्वच्छ झालेला आमच्या पाहण्यात नाही. पावती मागावी, तीवर गाळणीचा क्रमांक लिहवून घ्यावा. २०१९ च्या ग्राहक कायद्यापुढे तोंडी व्यवहार लंगडा पडतो.

बसवताना जुने रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे हात फिरवून पाहावे. दोन कडी एकावर एक बसली तर तेल फवाऱ्यासारखे उडते. नव्या कड्याला बोटभर तेल लावावे, कडे टेकले की हातानेच साधारण पाऊण फेरा द्यावा, पाना लावू नये. डब्यावर वेगळी सूचना छापलेली असेल तर ती पाळावी. इंजिन सुरू करून अर्धा मिनिट खाली पाहावे, मग बंद करून तेलाची पातळी तपासावी. तेल बदलताना गाळणीही बदलावी आणि किती किलोमीटरला, हे गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. जुने तेल गटारात ओतू नये. वाळवीवर म्हणून दाराच्या चौकटींना फासण्याची आमच्याकडील रीतही आता सोडावी, ते घातक टाकाऊ द्रव्यांत गणले जाते. जुना डबा रात्रभर पालथा ठेवून निथळू द्यावा व तेल मेस्त्रीच्या पिंपात द्यावे. नव्या डब्यावर मात्र न पुसणाऱ्या शाईने तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. बंधूंच्या गाडीवर तो मातोश्रींनी स्वतः सांगून लिहविला आहे.