अनामत जाते, मत जात नाही

लहान कम्युनिस्ट पक्षांनी लोकसभेच्या फंदात पडू नये, असा उपदेश एका विद्वानांनी नुकताच केला. कारणं तीन: हे क्रांतीची भाषा बोलतात, अनामत घालवतात आणि मतं फोडतात.

क्रांतीवाल्यांनी मतपेटीवर बहिष्कार टाकला तेव्हा हीच मंडळी त्यांना लोकशाहीचे शत्रू म्हणत होती. अनामतीचे पंचवीस हजार विद्वानांच्या खिशातून जात नाहीत.

राहिलं मतं फोडणं. मत फुटायला आधी ते कुणाच्या तरी मालकीचं हवं. गरिबाच्या मताचा सातबारा मोठ्या पक्षाच्या नावावर कधी चढला? हरलेल्याचं मत वायाच म्हणायचं, तर २०१४ साली भाजपच्या ३१ टक्के मतांवर २८२ जागा आल्या. उरलेला देश काय उन्हात हवा खायला रांगेत उभा होता? आणि स्वतःचा आवडता पक्ष आपटला की हेच विद्वान ‘मतांची टक्केवारी पाहा’ म्हणतात! धाकट्यांनी थोरल्यांत विरघळावं, हा सल्लाही जुनाच. १९७७ मध्ये जनता पक्षाची अशीच मोट बांधली होती. ती तीन वर्षंही टिकली नाही. सल्लागार मात्र टिकून आहेत.

बिहारमधला आरा मतदारसंघ पाहा. भोजपूरच्या भूमिहीन दलितांना मतदान केंद्रापर्यंत पोचू न देण्याची तिथे रीतच होती. ती मोडायला लागली तेव्हा, १९८९ मध्ये, भूमिगत असलेल्या भाकप (माले) ऊर्फ ‘माले’ या पक्षाच्या इंडियन पीपल्स फ्रंटनं ही जागा जिंकली. पुढे पराभवांची रांग लागली. २०१४ मध्ये तिसरा क्रमांक, मतं जवळपास लाखभर. विद्वानांच्या वहीत ही सगळी ‘वाया’. २०१९ मध्ये दुसरा क्रमांक आणि २०२४ मध्ये माले केंद्रीय मंत्र्याला हरवून लोकसभेत.

‘ते विरोधकांच्या आघाडीमुळे!’ असं आता म्हटलं जाईलच. पण आघाडीनं जागा सोडली ती कुणाच्या कळवळ्यानं? वाया गेलेल्या त्या लाखभर मतांचा धाक होता म्हणून सोडली. शेतमजुराची मजुरी आणि जमीन हे विषय प्रचारात आणायला कुणीतरी उमेदवार लागतो, आणि तो पडला तरी त्याला पडलेली मतं मोजली जातात. लहान पक्षानं लढावं, ते एवढ्यासाठीच. विद्वानांना मतं एकगठ्ठाच हवी असतील तर त्यांनी थोरल्या पक्षांना ती मागायला भोजपूरच्या मुसहर दलितांच्या वस्त्यांत पाठवावं.