विलीज जीपचे गंजलेले इंजिन : भंगार की दस्तऐवज?

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली; त्याच कंपनीच्या गाड्या आज चाकणला तयार होतात. त्यामुळे एखादी युद्धकालीन जीप या पट्ट्यातील कार्यशाळेत येते, तेव्हा प्रश्न केवळ यंत्रकामाचा राहत नाही.

उत्तर मात्र बहुधा ठरलेले असते : जुने पेट्रोल इंजिन भंगारात, त्याजागी डिझेल. गाडी धावते, लग्नात मिरवते. पण ऐतिहासिक वस्तू म्हणून ती निम्मी खोटी ठरते.

मूळ 'गो डेव्हिल' इंजिन चार सिलिंडरांचे, २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी असतात. उघड्यावर पडलेल्या इंजिनात पाणी शिरले, की पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला आणि व्हॉल्व्ह आपापल्या गाइडला जखडतात. सारे एकाच ओतीव ब्लॉकमध्ये. येथे घण चालवणे हा अविचार होय. पातळ तेल मुरू द्यावे, दिवसचे दिवस थांबावे, मग क्रँक किंचित मागेपुढे हलवून पाहावा. गंजाने सिलिंडरला खोल खड्डे पाडले असतील, तर बोअर करून स्लीव्ह बसवता येते. भोसरी-चिंचवडला असे काम जाणणाऱ्या हातांची वाण नाही. वाण आहे ती धीराची.

आणि ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक कदापि घासू नये. 'एमबी' म्हणजे विलीज, 'जीपीडब्ल्यू' म्हणजे फोर्ड. फोर्डने तर बोल्टांवरही आपला 'एफ' उमटवला होता. चकाकीच्या हौसेपोटी त्यावर ग्राइंडर फिरवणारा मालक स्वतःच्याच गाडीचा जन्मदाखला फाडत असतो.