नाण्याआधी नोंद शिकवा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो हे कळलं, की लग्नाच्या दावतीपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच प्रश्न येतो : "भाई, कोणतं कॉइन घेऊ?" ब्लॉकचेनवर ठेवलेली सरकारी नोंद चुकली तर ती दुरुस्त कशी करायची, हे मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही. माझ्या मते आपल्या समाजाला या दुसऱ्या प्रश्नाची गरज जास्त आहे. तो विचारायला शिकवणाऱ्या स्थानिक गटांना आपणच छोटी छोटी अनुदानं द्यायला हवीत.

ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन नव्हे. ती एक वही आहे. तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात आणि एकदा लिहिलेलं पान गुपचूप बदलता येत नाही. दाखल्याचा डिजिटल ठसा तिच्यात टाकला, की पुढे त्या दाखल्यात कुणी खाडाखोड केली तर ती पकडता येते. फायदा खरा आहे. पण नोंद नंतर बदललेली नाही, एवढंच ही वही सांगते. नोंद मुळात खरी होती का, हे तिला कळत नाही.

हे दूरचं नाही. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं. बोगस दाखल्यांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. आता आपल्या घरातली कागदपत्रं आठवा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'शेख', वडिलांच्या रेशनकार्डावर 'शैख', आपल्या आधारवर तिसरंच काही. बागवान, अत्तार, तांबोळी मुलांना ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधताना याच फरकांवर अडवलं जातं. चुकीचं नाव न पुसता येणाऱ्या वहीत गेलं, तर दुरुस्ती कोण करणार? अर्ज कुठे करायचा? जुनी नोंद रद्द झाली हे समोरच्या कार्यालयाला कसं दिसणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क आणि न बदलणारी वही यांचा मेळ कसा घालायचा, हा तंत्रज्ञाइतकाच नागरिकाचाही प्रश्न आहे.

वक्फच्या बाबतीत याची झलक आपण पाहिली. जून २०२५ मध्ये 'उमीद' पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांची माहिती भरायला सहा महिने मिळाले. जुने कागद, उर्दू आणि मोडीतल्या नोंदी, सात-बाऱ्यावरची वेगळी नावं यांच्यात मुतवल्लींची धावपळ झाली. तिथे मुद्दा ब्लॉकचेनचा नव्हता; पण नोंद कुठल्या यंत्रणेत जाते हे समाजाला आधी माहीत नसलं, की काय होतं ते दिसलं. उद्या जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर न्यायच्या ठरल्या, तर आपण पुन्हा शेवटच्या महिन्यात जागे होणार का?

नाण्यांचं शिक्षणही हवंच, पण तेही धोरणाचं. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. कर घेतला म्हणजे सरकारने पैशाची हमी घेतली, असा अर्थ होत नाही. केरळमधलं मॉरिस कॉइन प्रकरण आणि बंगळुरूच्या आयएमएचं २०१९ मधलं बुडणं आठवा. आयएमएत क्रिप्टो नव्हतं, 'हलाल' हा शब्द होता. भरवसा तोच, बुडणारी माणसंही तशीच.

मग पैसा कुठून आणायचा? क्रिप्टो एक्स्चेंजकडून नको. विकणाऱ्याने भरवलेला वर्ग शेवटी खातं उघडायलाच सांगतो. परदेशी ब्लॉकचेन संस्थांची अनुदानं मोहक वाटतात, पण एफसीआरएनुसार परदेशी देणगीला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतूनच घ्यावी लागते आणि २०२० पासून एका संस्थेला ती दुसरीकडे वळवताही येत नाही. अशा वेळी मोहल्ल्यातल्या वाचनालयाने वॉलेटमध्ये टोकन घेणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. जकातीलाही हात लावायचा नाही. तिचे हकदार ठरलेले आहेत. उरतो आपला स्वतःचा पैसा : नोकरदार मुलामुलींची वर्गणी, माजी विद्यार्थी संघ, व्यापारी. एका गटाला वर्षाला वीस-पंचवीस हजार रुपये पुरेसे आहेत. त्यात जागा, झेरॉक्स आणि वक्त्याचा एसटीचा खर्च निघतो.

अटी मात्र कडक हव्यात. वर्गात कुठल्याही नाण्याचं वा ॲपचं नाव सुचवायचं नाही. शिकवणाऱ्याची स्वतःची गुंतवणूक असेल तर त्याने ती आधी सांगायची. भाषा मराठी आणि उर्दू, वेळ बायकांना येता येईल अशी. प्रत्येक गटाने वर्षाअखेरीस निदान एक माहिती अधिकाराचा अर्ज करायचा : आपल्या तालुक्यातल्या कुठल्या नोंदी कोणत्या यंत्रणेत आहेत, चूक दुरुस्त करण्याची पद्धत काय? आणि खर्चाचा हिशोब फलकावर लावायचा. पारदर्शकतेचं तंत्र शिकवणाऱ्यांनी आपली वही आधी उघडी ठेवावी.

"मुलींची फी भरायला पैसे नाहीत आणि तुम्हाला ब्लॉकचेन सुचतंय," असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. फीच्या पैशाला धक्का लावायचाच नाही. पण तीच मुलगी बारावीनंतर जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहते, तेव्हा नावातल्या एका अक्षरावर तिचा प्रवेश अडकतो. ते अक्षर वेळेत दुरुस्त करून घेता येणं हेही शिक्षणच आहे.

या महिन्यात एवढंच करा. पाच जण जमा, घरातली कागदपत्रं समोर ठेवा आणि नावांतले फरक लिहून काढा. तुमच्या गटाचा पहिला धडा तोच असेल, आणि त्याला अनुदानही लागत नाही.