आवईने न्याय मिळत नाही



एखाद्या अपहरणाचा तपास पुन्हा सुरू झाल्याचे वृत्त येताच तर्कांना ऊत येतो. आता अमुक गजाआड जाणार, असे जो तो छातीठोकपणे सांगतो. ज्यांचे माणूस गेले, त्यांच्या घरी मात्र आशा पालवते आणि पुन्हा करपते. अमेरिकेतील एका प्रकरणावरून आपण याचा विचार करावा.

आपल्या धम्मदीक्षेच्या आदल्या वर्षी, 28 ऑगस्ट 1955 रोजी, मिसिसिपी राज्यातील मनी या गावी एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला नातेवाइकाच्या घरातून दोघा गोऱ्यांनी रात्री उचलून नेले. तीन दिवसांनी नदीत त्याचे प्रेत सापडले. ज्यांच्या घरातून मुलाला नेले, त्या वृद्ध मोझ राइट यांनी भर न्यायालयात आरोपींकडे बोट दाखविले. तरीही बारा गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना सोडून दिले. अपहरणाचा खटला तर उभाच राहिला नाही. पुढच्याच जानेवारीत त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. कारण एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही!

तपास 2004 साली पुन्हा उघडला गेला. 2007 साली आरोप ठेवण्यास नकार मिळाला. पुढे एका ग्रंथात, आरोपींपैकी एकाच्या तेव्हाच्या पत्नीने आपली जुनी साक्ष फिरविल्याचे छापून आले. पुन्हा तपास, पुन्हा चर्चा. परंतु तपास अधिकाऱ्यांना मिळालेल्या ध्वनिमुद्रणात ते शब्दच नव्हते, आणि डिसेंबर 2021 मध्ये प्रकरण बंद झाले. जून 2022 मध्ये त्याच बाईच्या नावाचे 1955 चे अटक वॉरंट न्यायालयाच्या तळघरात सापडले. ते कधी बजावलेच गेले नव्हते! ऑगस्टमध्ये पुन्हा नकार आला. 2023 साली ती बाई मरण पावली.

यातून बोध घ्यावयाचा तो हा की, ऐकीव बोलण्याने न्याय मिळत नाही, आणि वेळीच न वापरलेला कागदही पुढे निकामी ठरतो. भगवान बुद्धांनी कालामांना केवळ ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, असेच बजावले होते.

म्हणून आपल्यावर प्रसंग आला तर फिर्यादीची प्रत मागून घ्या. ती विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. दोषारोपपत्रानंतरही पुढील तपास होऊ शकतो, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 मध्ये नमूद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 15-अ प्रमाणे न्यायालयीन कारवाईची, जामिनाचीसुद्धा, सूचना मिळण्याचा पीडितास अधिकार आहे. बौद्ध झाल्यामुळे हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास त्याला 1990 ची दुरुस्ती दाखवा. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा तिने कायम केला आहे.

आवया उठविणारे उद्या दुसऱ्या विषयाकडे वळतील. तुमच्या पेटीतला कागद मात्र तुमच्या बाजूने बोलेल. तो आजच जपा.

जय भीम!