दिव्याखालची वनस्पती औषधात घ्यावी काय?

बंदिस्त खोलीत, केवळ एलईडी दिव्यांच्या प्रकाशात औषधी वनस्पती वाढविण्याविषयी आता औषधनिर्माते आणि रोपवाटिकाधारक यांच्यात बोलले जाऊ लागले आहे. उद्या असा माल आपल्या फार्मसीच्या दारात आला तर तो घ्यावा की परत पाठवावा, याचा विचार वैद्यबंधूंनी आणि औषधनिर्मात्यांनी आजच करावा, असे आम्हांस वाटते.

या दिव्यांचा प्राण म्हणजे फॉस्फर. फॉस्फर म्हणजे फॉस्फरस नव्हे. ट्यूबलाइटच्या काचेला आतून लावलेली पांढरी पूड आपण पाहिली आहे, ती फॉस्फरच. पांढऱ्या एलईडीतील पिवळा ठिपकाही फॉस्फर. यट्रियम व अॅल्युमिनियमच्या संयुगात अत्यल्प सिरियम घालून तो बनतो. मुळात दिवा निळा असतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फॉस्फर निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून पिवळा करून सोडतो आणि आपल्याला तो पांढरा दिसतो. मनुष्याच्या डोळ्यांना एवढे पुरते; पानाचे मात्र तसे नाही. हरितद्रव्याला निळ्याबरोबर ६४० ते ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश हवा असतो. अंकुरण, उंची, फुलोरा यांचे नियमन करणारे फायटोक्रोम तर ६६० आणि ७३० या दोन प्रकाशांचे प्रमाण ओळखते. म्हणून युरोपियम, मँगनीज वा क्रोमियम घातलेले तांबडे फॉस्फर शोधले जात आहेत. त्यांत मँगनीज स्वस्त, हे महत्त्वाचे. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. संजय ढोबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर विपुल काम केले आहे.

द्रव्ये बारीक घोटायची, हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजायची, पुन्हा घोटायची, ही फॉस्फरची एक रूढ कृती वाचून आम्हा वैद्यांना पुटांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. साम्य तेथेच संपते. कृपया कोणी दिव्याच्या पुडीला भस्माच्या पंक्तीत बसवू नये.

खरा प्रश्न शास्त्राचा आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधिद्रव्य कोणत्या भूमीतील घ्यावे हे सांगताना, यथाकाल थंडी, ऊन, वारा व पाणी लाभलेली भूमी सांगितली आहे. खोलीतील रोपाला यांपैकी पाणी मिळते, ऊन उसने मिळते आणि बाकीचे यंत्राच्या मर्जीवर. यावर कोणी म्हणेल की हरितद्रव्याला सूर्य काय आणि दिवा काय! परंतु औषधाचे कार्य केवळ पानांच्या वजनावर चालत नाही. तुळशीसारख्या वनस्पतींत प्रकाशाचा रंग बदलला की फिनॉलिक द्रव्ये व सुगंधी तेल यांचे प्रमाण बदलते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे दिव्याची निवड ही द्रव्याच्या गुणांत केलेली ढवळाढवळ आहे. ती हितकर ठरेल किंवा अहितकर. पण रोप हिरवेगार दिसते, एवढ्यावर तिचा निकाल लागत नाही.

आता व्यवहार पाहू. ऊन मानवणाऱ्या पिकाला रोज दर वर्गमीटरला २० मोल प्रकाशकण द्यायचे ठरविले, तर आजच्या चांगल्या दिव्यांनाही सुमारे २ युनिट वीज लागते. एकराचा हिशेब रोज ८,००० युनिटांच्या घरात जातो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद आठ-नऊ महिने शेतात उभी असते. तिला दिव्याखाली नेण्याची भाषा कोणी केली तर ती हसण्यावारी न्यावी. शिवाय मानांकन मिळते ते भूमीला; खोलीला भूमी कोठून आणणार?

ऊतीसंवर्धनाची गोष्ट निराळी. तेथील मांडणीवर रोज सोळा तास मंद प्रकाश पुरतो आणि वर्गमीटरला पाव युनिटाच्या आसपास वीज लागते. जंगलातून ओरबाडली जाणारी सर्पगंधा, कळलावी यांची निरोगी रोपे अशा दिव्याखाली तयार करून पुढे शेतात लावली, तर त्यास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. निळे-तांबडे दिवे वापरले की खोली जांभळी होते आणि पानावरील रोग ओळखू येत नाही. फॉस्फरच्या दिव्यात पानाचा रंग पुष्कळसा खरा दिसतो, हाही एक लाभ. बालपण दिव्याखाली, वाढ उन्हात, अशी मर्यादा आम्ही सुचवितो.

राख, अर्क, परकीय द्रव्य या नेहमीच्या कसोट्यांवरून माल कोणत्या प्रकाशात वाढला हे कळत नाही. तेव्हा फार्मसीधारकांनी पुरवठादाराकडून हे लेखी घ्यावे: लागवड उघड्यावर की बंदिस्त, बंदिस्त असल्यास किती दिवस आणि कोणत्या वर्णपटाच्या दिव्याखाली. अशा मालाची एचपीटीएलसी चाचणी त्याच जातीच्या शेतातील नमुन्याशेजारी ठेवून करावी आणि दोन्ही निकाल एकाच कागदावर मागावेत. कागद मिळेपर्यंत माल वेगळा ठेवावा, कोठारात मिसळू नये.