खडी आम्ही फोडली, सातबारा कुणाचा?

साथींनो,

१ जुलैला आमच्या गावच्या शाळेत कृषिदिन झाला. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार घातला, नारळ फुटला, दोन पुढाऱ्यांची भाषणं झाली. संध्याकाळी पालावर आमच्यातच वाद लागला. एक जण म्हणाला, "नाईकसाहेब बंजारा. तांड्यावरचा माणूस अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिला. तो आपलाच." दुसरा म्हणाला, "आपला असता तर आपुन आजून गायरानात पाल ठोकून बसलो असतो का?"

मी बारावी शिकलेला आहे म्हणून दोघं माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा काही बोललो नाही. नंतर जुने कागद वाचले, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. आता माझं मत लिहितो. ज्याला पटणार नाही त्यानं पुढच्या अंकात लिहावं.

आधी माणूस कोण ते बघू. नाईकसाहेबांचा जन्म १ जुलै १९१३ चा, यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या गहुली गावचा. वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ ला आमदार. महाराष्ट्र झाल्यावर महसूलमंत्री. कन्नमवार वारले आणि ५ डिसेंबर १९६३ ला हे मुख्यमंत्री झाले, ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. एवढा सलग काळ महाराष्ट्रात दुसरा कोणी त्या खुर्चीवर बसला नाही. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले.

त्यांची कामं मोठी आहेत, ती नाकारायची नाहीत. हायब्रीड ज्वारी त्यांच्या काळात गावोगाव गेली. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळातली. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला झाली. त्या धरणात शंभरावर गावं गेली आणि आपल्या जिल्ह्याच्या शिवारात त्याचं पाणी आलं नाही, हेही त्याच्यासंगंच लिहायला पाहिजे. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर मला फाशी द्या, असं ते पुण्यात शनिवारवाड्यावर बोलले होते म्हणतात. बोलणारा माणूस धमक असलेला होता. पण हायब्रीडला रान लागतं, खत लागतं, पाणी लागतं. ज्याला रानच नाही त्याच्या घरात हायब्रीड आली ती मजुरीच्या पायलीतनं.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. आमच्या भागात अजून माणसाचं वय त्याच्यावरनं सांगतात, "दुष्काळात पोटात होता," असं. सरकारनं कामं काढली. खडी फोडायची केंद्रं, पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती, सडका. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणूस दुष्काळी कामावर होता. परदेशातला तांबडा मिलो खाल्ला, पोरांना सुकडी मिळाली. त्या एवढ्या मोठ्या दुष्काळात लोक जगले, हे नाईकसाहेबांच्या सरकारचं खरं काम. माझा बाप त्यातच जगला, म्हणून मी आज लिहितोय.

माझी आजी त्या खडीवर होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "पहिल्यांदा आमाला कुनी चोर म्हनलं न्हाई. मुकादमानं नाव इचारलं आन् मस्टरवर लिवलं. अंगठा दिला. आठवड्याला पैसं मिळालं." पारध्याच्या बाईचं नाव सरकारी कागदावर आलं, ते पोलिसाच्या वहीत नव्हे तर कामाच्या हजेरीत. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमातीचा कायदा १९५२ ला उठला, पण गावाच्या डोक्यातनं तो उठला नव्हता. खडीच्या ढिगावर तो थोडा वेळ उठला.

पण पुढं काय झालं ते नीट बघा. आजीनं जी खडी फोडली त्या सडकेवरनं आज दुसऱ्यांचा ऊस कारखान्याला जातो. जो पाझर तलाव खांदला त्याच्या खालच्या विहिरींना पाणी आलं. विहिरी कुणाच्या? ज्याचा सातबारा त्याच्या. काम संपलं, मस्टर बंद झालं, आजी परत पालावर. पाणी रानाच्या मालकापाशी राहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे. नाईकसाहेबांच्या राज्यात काम करणाऱ्याला मजुरी मिळाली. त्या कामातनं जे वाढलं ते मात्र ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच मिळालं.

कोणी म्हणेल, कायदे तर आदिवासींसाठी केले होते. केले होते. शहाद्याकडं अंबरसिंग महाराज आणि तिथल्या भिल्ल साथींनी गेलेल्या जमिनींसाठी रान उठवलं. तशा लढ्यांच्या रेट्यानं १९७४ ला दोन गोष्टी झाल्या. महसूल कायद्यात कलम ३६-अ आलं. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. दुसरा कायदा जमीन परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत गेलेली जमीन आदिवासीला परत. हे कायदे प्रत्येक पाड्यावर वाचून दाखवायला पाहिजेत.

पण आमच्यासारख्यांना त्यातलं काय मिळालं? तेव्हा मराठवाड्यातला पारधी आदिवासींच्या यादीतच नव्हता. केंद्राच्या १९७६ च्या कायद्यानं प्रदेशाची अट निघाली, मग आम्ही यादीत आलो. आणि आलो तरी परत काय मागायचं? जमीन परत मिळते ती ज्याच्या नावावर एकदा होती त्याला. आमच्या नावावर ती कधी नव्हतीच.

जंगलातल्या साथींनो, तुमचीही गोष्ट वेगळी नाही. वनविकास महामंडळ निघालं ते फेब्रुवारी १९७४ ला, याच सरकारच्या काळात. मोह, चार, तेंदू असलेलं मिसळ जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या. तोडायला मजूर तुम्हीच, लावायलाही तुम्हीच. सागावर नाव महामंडळाचं.

मग त्या काळातलं टिकलं काय? रोजगार हमी टिकली. का टिकली? नाईकसाहेबांची मर्जी होती म्हणून नव्हे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना धरून ठेवली, मजुरांनी मोर्चे काढले, आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू आहे. तोवर नाईकसाहेब खुर्चीवर नव्हते. पण कायदा झाला म्हणून कोणीही मुख्यमंत्री आला तरी काम मागता येतं, आणि बाईला गड्याएवढाच दर मागता येतो. पुढारी चांगला असला तर दुष्काळ निभतो. पोराबाळांचं निभायला कागद लागतो.

आता आपल्या हातात एक कागद आहे. २८ नोव्हेंबर १९९१ चा जीआर. १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन मागासवर्गीयांनी वहीत केलेलं गायरान नावावर करायचं, असं तो सांगतो. तेव्हा मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक, म्हणजे वसंतरावांचेच पुतणे. चुलत्याच्या राज्यात आजीचं नाव मस्टरवर आलं. पुतण्याच्या जीआरनं ते सातबाऱ्यावर यायला पाहिजे होतं. मी बापाचा अर्ज घेऊन एका तलाठ्याकडं गेलो तर तो म्हणाला, "पुरावा काय?" मी म्हणालो, "वीस वर्षांची बाभळीची कुंपणं आहेत, बघायला चला." तो आला नाही.

म्हणून साथींनो, हे करा. अतिक्रमणाचा दंड भरला असेल तर ती पावती फाडू नका, चुलीत घालू नका. ती शिक्षा वाटते, पण तोच आपला पुरावा आहे. गाव नमुना १-ई मध्ये आपलं नाव आहे का ते तलाठ्याला विचारा, नक्कल लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. एकट्यानं जाऊ नका, पाच जण मिळून जा. वनजमीन कसणाऱ्यांनी फॉरेस्टच्या दंडाची पावतीही अशीच जपावी. ठाणे-धुळ्याचे साथी त्या जमिनीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आहेत.

पुढच्या १ जुलैला फोटोला हार घालायला मीही जाईन. आजीला मस्टरवर आणणाऱ्याचा मान ठेवायला पाहिजे. पण माझ्या खिशात बापाच्या अर्जाची पोच असेल, आणि भाषण झालं की ती मी स्टेजवरच्या साहेबांपुढं ठेवीन. तुम्हीही ठेवा.

कसेल त्याची जमीन, नाव त्याचं सातबाऱ्यावर!
जिंदाबाद.